मशीन गरम होत नाही!

आमच्या एमआरआय सेंटरमधले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. ते साचत गेले, ओट्याखालच्या कॅरीबॅगांसारखे. एक काढायला जावं तर चार हाताला येतात. त्यात नवल नाही म्हणा. पेशंट आत गेला की पाऊण तास त्या नळकांड्यात निपचित पडायचं, हलायचं नाही, आणि डोक्यावर धाडधाड आवाज. एवढं सोसून बाहेर आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलेल याचा काही नेम नाही. आणि ते ऐकायला दारात मी उभी!

त्यातही सगळ्यात जास्त किस्से एकाच तक्रारीचे. "आत गरम होतंय!"

आता गंमत बघा. मशीनच्या खोलीत एसी एवढा की मी मे महिन्यात, हैदराबादच्या मे महिन्यात, हातावर स्वेटर टाकून कामाला निघायची. नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत त्यावर चर्चा व्हायची. समोरच्या मंगम्मानं एकदा माझ्या सासूबाईंना विचारलंच, "तुमारी बहूकु रोज बुखार आता क्या?"

तेव्हा देशात सगळं नुकतंच खुलं झालं होतं. घरोघरी केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आले, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांनी परदेशातून हे मशीन आणलं. बोटीनं मद्रासला उतरलं, तिथून ट्रेलरवर आलं आणि भिंत पाडून आत घेतलं. मी त्यांच्याकडे एक्स-रे काढायची. मला ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर कन्सोलच्या खुर्चीवर बसवलं. शहरात असली मशीनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलं एक मी चालवत होते. मला त्या नोकरीचा फार अभिमान होता. आता कबूल करायला हरकत नाही, थोडी शिष्टपणाकडे झुकणारीच होते मी.

*

पहिला किस्सा मशीनचा नाही, ताटाचा आहे.

दसऱ्याला आमचा यादगिरी म्हणाला, "मॅडम, पूजा तो करनाच पडता." यादगिरी म्हणजे आमचा वॉर्डबॉय, वय पन्नास. ऑटोची पूजा होते, शिलाई मशीनची होते, मग एवढ्या मोठ्या मशीननं काय पाप केलं? डॉक्टरसाहेब म्हणाले, करा, फक्त कापूर पेटवू नका. मी घरून पूजेचं ताट नेलं. ते माझ्या सासूबाईंचं, स्टीलचं, त्यांच्या बहिणीच्या लग्नात मिळालेलं, कडेला नाव कोरलेलं.

मी खोलीबाहेर उभी राहून यादगिरीला सांगतच होते की ताट दारातच ठेव, हे मशीन म्हणजे चोवीस तास चालू असलेलं लोहचुंबक आहे. त्यानं भक्तीच्या भरात एक पाऊल पुढं टाकलं. ताट हातातून सुटलं, हळदकुंकवासकट हवेतून गेलं आणि धाडकन मशीनच्या तोंडावर जाऊन बसलं. आम्ही चौघं ओढतोय, ताट हलेना. शेवटी निघालं ते कड वाकवून.

यादगिरीनं मशीनला साष्टांग नमस्कार घातला. "जागृत देवुडु है मॅडम! खुद नैवेद्य लिया!"

*

ताट घरी नेल्यावर जे झालं त्याला किस्सा म्हणावं का, माहीत नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही माई म्हणायचो. परभणीकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्याला चाळीस वर्षं झालेली, त्यामुळे बोलण्यात परभणी आणि हैदराबाद दोन्ही. त्यांनी वाकलेली कड तीनदा निरखली आणि मनात साचलेलं सगळं बाहेर काढलं.

"ही भट्टी हाय भट्टी! लोकं सांगायलेत, आत गेलं की अंग भाजतंय म्हणून. तू दिसभर तिच्यापाशी बसायलीस. उष्णता अंगात जायलीय तुझ्या. तीन वर्षं झाले लग्नाला, लेकरू कसं ऱ्हाईल पोटात?"

मी समजावलं. माई, त्यात आग नसते. एक्स-रेसारखी किरणंही नसतात. लोहचुंबक असतं आणि रेडिओच्या लहरी असतात.

"रेडिओ बी गरम होतोच की, लई वेळ चालवला का!"

आमचा रेडिओ खरंच गरम व्हायचा.

माझे यजमान मनोहर बँकेत होते. घरात वाद सुरू झाला की ते पेपर उघडत. त्या दिवशी सकाळचा पेपर त्यांनी चौथ्यांदा वाचला.

"देवापुढं हात ठेवून सांग," माई म्हणाल्या. "मशीन गरम होत नाही म्हणून सांग."

मी देवघराच्या चौकटीवर हात ठेवला आणि शपथ घेतली. मशीन गरम होत नाही!

"बरं," माई म्हणाल्या. "संक्रांतीपर्यंत बघते मी. गरम होतंय असं खरं निघालं, तर संक्रांतीपासून घरी बसायचं. कबूल?"

कबूल म्हटलं. तेव्हा मला खात्रीच होती हो. गरम वाटणं म्हणजे निव्वळ भास, घाबरल्याचा परिणाम, असं मी प्रत्येक पेशंटला ऐकवायची.

*

शपथेनंतर दोन दिवसांत जुन्या शहरातले एक नवाबसाहेब आले. खरे नवाब की कसे कोण जाणे. आमच्या काउंटरवरच्या शाहीन आपा छडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला नवाबसाहेबच म्हणायच्या. कंबर दुखत होती. शेरवानी काढली, घड्याळ काढलं, अंगठ्या काढल्या, पण जरीची टोपी काढेनात.

"टोपी खानदानी है बीबी. अब्बाजान की. सर से नई उतरती."

आम्ही टोपीला छोटं लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. म्हटलं, कमरेचा फोटो, टोपीचा काय संबंध? राहू दे.

पेशंटच्या हातात आम्ही एक रबरी फुगा द्यायचो. काही त्रास झाला की दाबायचा, माझ्याकडे घंटी वाजते. नवाबसाहेबांनी तो दाबला नाही, शिकाऱ्यानं बंदुकीचा घोडा ओढावा तसा सटासट ओढला. बाहेर काढलं तर घामाघूम.

"बीबी, ये क्या कररे आप लोगां? दम पो रक्खे थे क्या मेरेकु? बिर्यानी का गोश्त समझे?"

टोपीला हात लावला आणि माझा चेहराच उतरला. टोपी गरम होती. जरीची तार अस्सल चांदीची होती. चांदीला चुंबक चिकटत नाही, पण त्या लहरींनी ती तापते, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं मला तेव्हा आठवलं.

घरी जाताना बसमध्ये मी स्वतःशी वकिली केली. टोपी गरम झाली. मशीन नाही! शपथ शाबूत आहे.

*

मग आले कुकटपल्लीचे एक कारखानदार. पंप बनवायचे, बोलायचे त्याहून जास्त वेगानं. आत गेल्यापासून पाच मिनिटांत फुगा दाबला. मी इंटरकॉमवर विचारलं, काय होतंय?

"मॅडम, पाठीत गरम होतंय. तुमच्या डिझाइनमध्ये व्हेंटिलेशन नाहीये."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा घंटी. "मॅडम, मागच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन मारा. मी करून देतो." पुन्हा घंटी. "मॅडम, कूलर लावला तरी चालेल."

चौथ्या घंटीला बाहेर काढून त्यांना कुशीवर वळवलं. पाठीला, गाऊनच्या आत, औषधाची लालभडक पट्टी चिकटवलेली. बायकोनं सकाळी लावली होती, मिरचीच्या अर्काची. त्या पट्टीनं बैलाचीसुद्धा पाठ भाजली असती.

पट्टी काढल्यावर ते शांत पडून राहिले आणि जाताना डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "मशीन चांगलं आहे. पण फॅनचं मनावर घ्या."

*

डॉक्टरसाहेब माणूस हुशार, फक्त डोक्यात एखादी कल्पना आली की ती दुपारपर्यंत अमलात आणायचे. त्यांनी फर्मान काढलं, प्रत्येक पेशंटला बाहेर आल्यावर विचारायचं, 'गरम झालं का?' आणि उत्तर लिहायचं. हे काम शाहीन आपांकडे.

आपा मुळातच काळजी करणाऱ्या. त्या पेशंट आत जाण्याआधीच सांगू लागल्या. "डरो नक्को हां. थोडा बी गरम लगा तो फुग्गा दबाव. भौत लोगां कु गरम लगरा."

त्या दिवसापासून सगळ्यांनाच गरम वाटायला लागलं! मान दाखवायला आलेल्याला, गुडघा दाखवायला आलेल्याला, सगळ्यांना. एका बाईंनी तर स्वतःची तक्रार लिहून घ्यायला लावली, आत भयंकर उकडलं म्हणून. आपांनी लिहून घेतलं, सही घेतली, आणि मग कळलं की त्या पेशंट नव्हत्याच. पेशंट त्यांचे यजमान होते. बाई दीड तास बाहेर बाकावर बसल्या होत्या.

आपांनी ती तक्रारही फाडली नाही. "बाहर का पंखा बंद था," त्या म्हणाल्या. "बेचारी झूट नई बोली."

इकडे घरी माई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कुणाला गरम झालं का?" मी म्हणायची, "मशीन गरम होत नाही माई." आणि मनोहर पेपर उघडायचे.

*

पण त्या सगळ्या गमतीत एक गोष्ट मला खायला लागली होती. काही पेशंट टोपी न घालता, पट्टी न लावता बाहेर यायचे आणि तळहात चोळत म्हणायचे, इथं चटका बसला. तळहातालाच! बहुतेक म्हाताऱ्या बाया. दोघींचे तळहात लाल झालेले मी स्वतः पाहिले. त्यांना 'भास' म्हणताना माझीच जीभ अडखळली.

शेवटी कंपनीनं इंजिनियर पाठवला. क्लाउस नावाचा, सहा फुटी, इडलीवर जीव टाकणारा. त्यानं तीन दिवस मशीन तपासलं. आत पाण्याची बाटली ठेवून पाहिली. नंतर स्वतः आत जाऊन पडला, हात बाजूला, सैनिकासारखा. काही नाही. थंडगार. तो मला म्हणाला, "मशीन ठीक आहे. तुमचे पेशंट घाबरतात." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी त्याला डबा खाऊ घातला.

चौथ्या दिवशी तारनाक्याहून एक आजी आल्या. यजमान रेल्वेतून रिटायर झालेले. कमरेचा स्कॅन. मशीन सुरू झालं आणि सात-आठ मिनिटांत घंटी. तळहात गरम! आता माझ्या खुर्चीवरून पेशंटचे फक्त तळपाय दिसतात. क्लाउस मात्र मशीनच्या मागच्या बाजूला गेला, तिथून बोगद्यात वाकून बघत बसला आणि मला पुन्हा सुरू करायला लावलं.

धाडधाड सुरू झाली तसा तो ओरडला, "ती काय करतेय?"

मी धावत गेले. आजींचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते, आणि हात छातीवर घट्ट जोडलेले.

क्लाउसनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग त्यानं मला समजावलं. हात जोडले की दोन हात आणि छाती मिळून एक पूर्ण कडं होतं. लहरींनी त्या कड्यातून करंट फिरतो, आणि कातडी कातडीला जिथं टेकते तिथं चटका. त्यांच्या पुस्तकात पायावर पाय नको असं लिहिलं होतं. हात जोडण्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! त्याच्या देशात बोगद्यात पडलं की माणसं हात बाजूला ठेवून डोळे मिटतात. आमच्याकडे मशीननं पहिला आवाज काढला की आपोआप नमस्कार घडतो. त्यात आमच्या यादगिरीनं ते जागृत असल्याचं प्रत्येकीला सांगून ठेवलेलं.

खात्री करायला क्लाउस पुन्हा आत गेला. या वेळी हात जोडून. थोड्याच वेळात घंटी वाजली, आणि सहा फुटी माणूस तळहात फुंकत बाहेर आला.

मी हसले नाही. मला त्या लाल तळहातांच्या दोघींपुढे लाज वाटत होती, ज्यांना मी घाबरट ठरवलं होतं. आणि दुसरं म्हणजे, माझी वकिली संपली होती. टोपी काढता येते, पट्टी काढता येते. माणसाचे हात कुठं काढून ठेवणार? माईंना हे कळलं तर संक्रांतीपासून मी घरी. मी घरी काहीच सांगितलं नाही.

*

शाहीन आपांना मात्र या शोधाचा फार आनंद झाला. "देखो, हमारे लोगां हाथ खोल के दुआ माँगते. हमारे में किसीकु चटका नई बैठता!" चार दिवस त्या हे प्रत्येकाला ऐकवत होत्या. पाचव्या दिवशी त्यांचे सख्खे मामू आले, ऐटीत पायावर पाय टाकून झोपले, आणि घोट्याला चटका घेऊन बाहेर आले. आपा म्हणाल्या, "वो तो पैर थे. पैर की बात कौन किया?"

डॉक्टरसाहेबांनी दुपारपर्यंत बोर्ड करून आणला. तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि माझ्या आग्रहानं मराठी. 'हात जोडू नका.' एवढंच. तो आतल्या खोलीत लावायचा, तर सुतारानं लावला बाहेरच्या हॉलमध्ये, दरवाजासमोर. एक वृद्ध वकीलसाहेब आले, बोर्ड वाचला आणि तपासणी न करताच परत निघाले. "जिथं नमस्कार चालत नाही तिथं आम्ही येत नाही!"

त्यात म्युनिसिपालिटीची निवडणूक लागली. एक उमेदवार, मागे दहा-बारा कार्यकर्ते, हॉलमध्ये शिरले ते हात जोडूनच. यादगिरी बोर्डाच्या बाबतीत फार कडक झाला होता. त्यानं धावत जाऊन उमेदवाराची दोन्ही मनगटं धरली आणि फाडकन हात वेगळे केले.

"छोडो सर, छोडो! हाथ जलते!"

उमेदवार बिचारा सगळ्या हॉलकडे बघत हात लोंबकळत उभा राहिला. त्याला दुसरं काही करता येतच नसावं. तो निवडून आला नाही हे मी नंतर ऐकलं, पण त्याचा दोष आमच्यावर नको.

*

संक्रांतीला पंधरा दिवस उरले असताना माईंची कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. एमआरआय करा.

माईंनी चिठ्ठी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. लोकं काय सांगायलेत आन् तू काय सांगायलीस, ते ऱ्हाऊ दे. मीच जाऊन येते आत. गरम लागलं तर त्याच दिशी राजीनामा. कबूल?"

आता नाही कशी म्हणणार?

त्या दिवशी मी आयुष्यात कुणाची केली नसेल एवढी तयारी माईंची केली. मंगळसूत्र काढलं, बांगड्या, जोडवी, केसांतले आकडे, साडीची पिन. गाऊन घालायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून जरीकाठाची साडी सोडून साधं सुती लुगडं नेसवलं. मनगटावरच्या गोंदणावर ओलं फडकं ठेवलं, कारण गोंदणाची शाईही कधीकधी तापते म्हणतात. दोन हातांच्या आणि अंगाच्या मधे फोम ठेवले. आणि दोनदा सांगितलं, "माई, आत हात जोडायचे नाहीत. काहीही झालं तरी. हात बाजूला."

"का?"

"मशीनचा नियम आहे."

"बरं." मग त्यांनी बोगद्याकडे नजर टाकली. "माझं ताट ह्यानंच गिळलं हुतं ना?"

मी खुर्चीवर येऊन बसले. काचेतून त्यांचे तळपाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले. मशीन सुरू झालं. पहिला धाडधाड आवाज आला तेव्हा ते पाय दचकले, आणि मला माझी शपथ आठवली. फुगा त्यांच्या उजव्या हातात होता. मी त्या घंटीकडे बघत बसले. मनोहर बाहेर हॉलमध्ये होते, पेपर घेऊन.

अर्ध्या वाटेवर डॉक्टरसाहेब आत आले. बाहेर त्यांच्या ओळखीचे कुणी बडे गृहस्थ ताटकळत होते. "सुनंदाम्मा, हे थांबवा. बाईंना बाहेर काढा, अर्ध्या तासानं पुन्हा घालू. आधी त्यांचं करून घेऊ."

मी माईंना 'अजून पंधरा मिनिटं, हलू नका' असं सांगायला इंटरकॉमचं बटण दाबलं होतं. बोट तसंच त्यावर होतं, हे मला नंतर कळलं.

"सर," मी म्हटलं, "माझा पेशंट आत आहे. मशीनवर मी बसलेय तोवर पेशंट माझा. अर्धवट बाहेर काढणार नाही. त्यांना म्हणावं, बसा. आणि तुम्ही दार लावून घ्या, थंड हवा चाललीय."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चक्क गेले, दार लावून. घंटी वाजली नाही. शेवटपर्यंत वाजली नाही.

माईंना बाहेर काढलं तेव्हा फोम एका बाजूला सरकलेले होते. त्यांनी मला हात धरून उठवू दिलं नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एकट्या उठल्या. दारात सगळे जमलेले, शाहीन आपा, यादगिरी, डॉक्टरसाहेब, आणि पेपरची घडी करून मनोहर.

मनोहरांनी विचारलं, "आई, गरम झालं?"

माईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मशीन?" त्या म्हणाल्या. "मशीन थंडगार हाय. पेशंटला एक घोंगडी तरी देत जा रे!"

*

त्यानंतरचा आठवडा विचित्र गेला. माझ्या भाकऱ्या वाकड्या होतात म्हणून माई मला ज्वारीच्या पिठाला हात लावू देत नसत. त्या आठवड्यात म्हणाल्या, "भाकरी तूच थापत जा आता. सवय हुईल." आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कोरफडीची दोन पानं कापलेली दिसली. मी विचारलं, "माई, हात दाखवा बघू." त्यांनी "कायको?" म्हणून मला उडवून लावलं आणि पाठ करून देवाचा दिवा लावायला गेल्या.

संक्रांत आली. घरी हळदीकुंकू. माईंनी तिळगुळासाठी तेच ताट काढलं होतं, वाकलेल्या कडेचं. दुसऱ्या दिवशी मी कामावर जायचं की नाही, याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि मी विचारायचं धाडस केलं नव्हतं. सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं.

बायका जमल्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शकुंतलाबाईंचा दुसऱ्याच दिवशी एमआरआय होता, आमच्याच सेंटरमध्ये. त्या बिचाऱ्या घाबरलेल्या. माईंजवळ सरकून म्हणाल्या, "तुम्ही जाऊन आलात ना? आत फार गरम होतं म्हणतात हो."

हॉलमधल्या सगळ्या बायका माईंकडे वळल्या. मी हातातली अत्तरदाणी धरून जागच्या जागी उभी.

"काही हुत नाही," माई म्हणाल्या. "निस्तं एक करा. आत गेलं की हात जोडू नका."

"अगंबाई! देवाचं नाव नको घ्यायला?"

"नाव घ्या की. लई घ्या. पण हात लांब ठेवा. मशीनवर आमची सून बसलेली असती उद्या." माईंनी ताटातला तिळगूळ उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "तिनं सांगितलं तसं करा. डॉक्टरला दार लावून घ्यायला लावती ती."